वापराची खूण

वनखात्याच्या कार्यालयात काकांनी फोटो खिडकीपाशी नेला आणि चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ धरला. ओढ्याकाठची ओली माती, दोन्ही बाजूंना गवत. चाकाचा एकही ठसा नव्हता.

“वर्षभर आमची माणसं फिरत होती,” वनाधिकारी बाई म्हणाल्या. “टेकडीच्या त्या वाटेवर मोटारसायकली येतात याची खूण कुठेच सापडली नाही. आवाजाची तक्रारही नाही. वापर नसलेली वाट बंद करायची, असा नियम आहे.”

“दर रविवारी आम्ही असतो तिथं.”

“तुम्ही म्हणता म्हणून मी मानेन हो. पण वर काय दाखवू?”

कच्च्या वाटांवर मोटारसायकल चालवणाऱ्यांच्या हक्कासाठी काकांनी उभे आयुष्य वेचले होते. धुरळा, गोंगाट, उकरलेली जमीन या तक्रारींपायी एकेक वाट हातची गेली. ही शेवटची राखायची म्हणून त्यांनी स्वारांच्या संघटनेला शिस्त लावली. प्रत्येक गाडीला त्यांनी स्वतः आखून दिलेला सायलेन्सर. उतारावर मागचे चाक घसरू द्यायचे नाही. ओढा ओलांडला की शेवटच्या स्वाराने उतरून मागचे ठसे पुसायचे. कुणाला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये, हा त्यांचा हट्ट. कुरकुर झाली, पण कोणी मोडता घातला नाही.

“इतकी नीट राहिलेली टेकडी आमच्या हद्दीत दुसरी नाही,” बाई फाईल बांधत म्हणाल्या.

बाकावर बसलेल्या संघटनेच्या मेकॅनिकला राहवले नाही. “मॅडम, ठसे पुसायला शेवटी मीच असतो. बायको म्हणते, घरात कधी झाडूला हात लावलात का?”

बाई हसल्या. काकाही हसले. मग त्यांनी फोटो टेबलाच्या कडेशी जुळवून ठेवला.

आवारात आल्यावर मेकॅनिक म्हणाला, “सोडायचं नाही, काका. येत्या रविवारी सायलेन्सर काढून सगळ्यांना तिकडे नेतो. उकरू की टेकडी. मग बघू कसा पुरावा मिळत नाही ते.”

“मिळेल. आणि मग त्याच पुराव्यावर बंद करतील.”

“मग करायचं तरी काय?”

काकांनी त्याच्या मोटारसायकलीकडे मान वळवली.

“सुरू कर.”

त्याने किक मारली. कार्यालयाच्या पायऱ्यांवर दोन शिपाई बोलत बसले होते. त्यांच्या पायांशी एक कुत्रे झोपले होते. काका त्यांच्याकडे पाहत उभे राहिले.

“अ‍ॅक्सिलरेटर पीळ जरा.”

शिपायांचे बोलणे चालूच राहिले. कुत्र्याने कूससुद्धा बदलली नाही.

“अजून.”

“पूर्ण पिळलाय, काका.”