सचोटीचा तास

बसा. कॉफी ओततो, आणि एक गोष्ट सांगतो. ऐकून पुढ्यातली अंडी घशाखाली उतरली नाहीत तर मला बोल लावू नका.

समोर कोर्ट दिसतंय ना? तिथल्या हार्लन प्रुइट वकिलाकडे व्हर्ना स्टबलफील्ड पॅरालीगल होती. म्हणजे कागद सगळे हिनं तयार करायचे, खाली सही त्यानं ठोकायची. नवरा वारल्यावर बाईनं अभ्यास करून आधी साधं सर्टिफिकेट काढलं, मग इच्छापत्रांच्या कामातलं वरचं. इथंच पुस्तक उघडून बसायची. पानांना ग्रेव्ही लागायची, पुसायची, पुढं वाचायची. पास झाली तेव्हा मी अख्खा कॅटफिश तळून खिलवला. प्रुइटनं काय केलं? तिचं सर्टिफिकेट दाखवून गिऱ्हाइकांची बिलं वाढवली.

पण ते एकदा मिळालं की झालं असं नसतं. टिकवायचं तर शिकवणीचे तास भरावे लागतात. त्यात सचोटीचे वेगळे. वकिलांनाही असतात तसेच. कॉम्प्युटरवर कुणीतरी बोलत राहतं, आणि मधेच बटण येतं, ‘आहात ना?’ दाबलं की तुम्ही आहात.

एकदा जूनमध्ये व्हर्ना इथं नाश्ता करत होती. प्रुइट आत आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, निघालेला मासे मारायला.

“व्हर्ना राणी, माझं ते सचोटीचं लेक्चर आज लावून टाक. बटण आलं की दाबायचं.”

“साहेब, ते तुम्ही स्वतः बसून ऐकायचं असतं.”

“ऐक कोण म्हणतंय? दाब म्हणतोय.”

“तुमच्या नावानं मी दाबलं तर तो खोटेपणा झाला. माझं सर्टिफिकेट जाईल.”

“कोण सांगणारे? हा ड्यूई?” माझ्याकडं बोट केलं. “ह्याला अंडी उलटता येतात तेवढं बास.”

“मला नाही जमायचं साहेब.”

त्यानं माझ्याच डब्यातली काडी घेऊन दात कोरले. “मग जिला जमेल तिला बसवू. जेवायच्या सुट्टीआधी टेबल रिकामं कर.” आणि गेला माशांकडं. वर मला म्हणतो, दोन सँडविच बांध.

दुपारी ती खोका घेऊन बाहेर पडली. कुंडी आणि सर्टिफिकेटची फ्रेम, एवढंच. गावातले वकील सगळे एकाच तळ्यावर मासे मारतात, हिला कोण ठेवणार? आता ती सुपरमार्केटात हॅमच्या चकत्या कापते. पण तास भरायचं सोडत नाही. सुट्टीच्या दिवशी येते, माझं वायफाय घेते, ऐकत बसते.

मी विचारलं, “कशाला गं? हॅम कापायला लागतं का ते?”

“नाही लागत. पण ते माझं आहे, ड्यूई.”

इथवर ठीक होतं. आज मी कॉफी भरायला गेलो तर तिच्या स्क्रीनवर कोण? प्रुइट! टाय लावून, मागं झेंडा. वकिलांनी त्याला सचोटीच्या कमिटीवर घेतलाय. म्हणतो, हाताखालच्या माणसांना गैर कामाला लावू नका. हात छातीवर. शिसारी आली हो. किटली हातात नसती तर थुंकलो असतो.

“आवाज बंद कर त्याचा,” मी म्हटलं. “नुसतं बटण दाबत बस.”

“मग तास भरला कसा म्हणायचा?”

आणि लिहून घेतेय. त्याचं! कागदी रुमालावर, छोट्या छोट्या अक्षरांत.

तुमच्या मागच्या टेबलावर आहे बघा, हळूच बघा. तिचे कानात घालायचे इयरफोन बिघडलेत, म्हणून मान पुढं काढून ऐकतेय. अजून बराच तास उरलाय. तेव्हा एवढं करा, उठताना खुर्ची ओढू नका. उचलून मागं घ्या.