पेन्सिलीतलं नाव

टक्. पेन्सिल फरशीवर पडली आणि सासूबाईंची दुपारची डुलकी मोडली.

"काय करून राहिलीस वं, लतिका?"

"काही नाही. नाव गिरवतेय."

"पुन्हा?"

पुन्हाच. आमच्या घरच्या मोठ्या बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर या घरातल्या सगळ्या लेकरांची नावं आहेत, पुढे अर्थ, सगळं त्या त्या बापाच्या हातचं, शाईनं. बंदुकांच्या फॅक्टरीच्या हजेरीत कोणी काहीही असो, पानावर नाव शास्त्रातलंच. आमचे हे हजेरीत शशिकांत, पानावर शमुवेल: देवापाशी मागितलेला. शेवटची ओळ तेवढी माझी, पेन्सिलीची.

याशूब: तो परत येईल.

हे फॅक्टरीतूनच पलटणीत भरती झाले; पलटण सिंगापुरात होती. बंदुका दुरुस्त करायचं काम. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, 'मुलगा झाला तर नाव तू शोध, शाई मी आल्यावर.' सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यावर तीन आठवड्यांनी हा जन्मला. बायबलातल्या एली याजकाच्या सुनेला लढाईत नवरा गेल्याचं कळलं तेव्हा तिनं बाळाचं नाव ईखाबोद ठेवलं, वैभव गेलं म्हणून. मला तसलं नाव नको होतं. पानं उलटत बसले तेव्हा गणनेच्या पुस्तकात, वंशावळीच्या गर्दीत, हे सापडलं. पाद्रीसाहेबांनाही चष्मा पुसून बघावं लागलं. आई राहेलीनं ठेवलेलं बेनओनी बाप याकोबानं बदलून बन्यामीन केलं होतं. यांनाही बदलावंसं वाटलं तर खोडता यावं, म्हणून पेन्सिल. नाव कळवायला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. ते पत्र परतही आलं नाही.

त्याला चार वर्षं झाली. लढाई संपूनही वर्ष होत आलं. यांच्याच पलटणीतले घमापुरातले मुरलीधर परतले, नुसती हाडं. त्यांना विचारायला मी गेले, तर ते माझ्याकडे न बघता मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"उद्या पोरगा शाळेत जाईल," सासूबाई म्हणाल्या. "शाई झाल्याबिगर या घरचं लेकरू शाळेत गेलं नाई. धाकट्या दिवाकरला सांगितलं मी. फॅक्टरीचा भोंगा झाला का येते तो."

"शाई बापानं करायची असते."

"मला शिकवते का?" मग आवाज खाली आला. "तू दिवसातून पन्नासदा त्याले हाक मारते. पन्नासदा माझं काळीज दाराकडे पळते. दुसरं ठेव वं बाई काही. खोडता येते अजून."

एवढ्या वर्षांत त्या हे पहिल्यांदा बोलल्या. मी रबर शोधलं नाही, पण पेन्सिलही उचलली नाही.

भोंगा झाला. दिवाकर भाऊजी आले, हात धुऊन पाटावर बसले. पेनात शाई भरली, झटकली, आणि टोक कागदावर धरून थांबले. त्यांच्या हातानं ती ओळ काळी झाली की हे यायचे नाहीत, असं या घरानं मान्य केल्यासारखं होतं. ते त्यांनाही ठाऊक होतं.

"वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तरच लिहितो."

मी काही बोलणार तोच याशूब आमच्या मधून घुसला. अंगणातून आला होता, गुडघे मातीचे.

"काका, काय लिहून राहिले?"

"तुझं नाव, राजे."

"म्हणजे काय असते ते?"

"तो परत येईल."

"कोण?"

"तुझे पप्पा."

त्यानं पानावर बोट ठेवलं. पेन्सिलीचा काळा डाग बोटाला लागला. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. मग तो माझ्याकडे वळला.

"आई, पप्पांना माझं नाव माहीत आहे?"