एका ओढीची गाठ

आमच्या घरी स्क्वॉड्रनचा इतिहास ताटाबरोबर वाढला जायचा. माझे यजमान सुमंत हवाई दलाच्या मालवाहू विमानात माल बांधायचे. निवृत्त होऊन हुबळीत घर केलं, पण पाहुणा आला की यांचं विमान पुन्हा लडाखला. जुनी पॅकेट विमानं गेली, एएन-बत्तीस आली, जिवंत मेंढ्यांनी विमान कसं घाण केलं, रॉकेलची पिंपं बर्फावर कशी टाकली. शेवट ठरलेला, "माल हलता कामा नये. माल हलला की विमान गेलं." मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याला यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, इतिहास बंद पडला. एकदा खुर्चीतून घसरले आणि कपाळ फुटलं. तेव्हापासून मी यांना सुती पट्ट्याने खुर्चीला बांधते. यांच्याच शिकवणुकीप्रमाणे घट्ट, पाठीमागे दुहेरी गाठ. डावा हात दिवसभर ती गाठ शोधतो. सापडली नाही की हे ओरडतात, गल्लीभर ऐकू जातं. यांना असं सोडून जायचं कसं? दुर्गदबैलचा बाजार चार पावलांवर, पण भाजीसुद्धा शेजारच्या अंबूताई आणून देतात. बांधलं यांना, अडकले मी. राग यायचा, यांचा आणि स्वतःचाही.

अशात वेंकटेश आले. ते यांच्याच स्क्वॉड्रनमधले, आता गोकुळ रोडला वर्कशॉप चालवतात. स्क्वॉड्रनचा सुवर्णमहोत्सव होता, त्यासाठी इतिहास गोळा करत होते. यांना बोलता येईना, म्हणून मीच सांगायला बसले. सगळा पाठ होता. मागे यांचं ओरडणं चालूच.

वेंकटेश उठून खुर्चीमागे गेले. "अय्यो अक्का, ही गाठ कुणी मारली?"

"मीच. माल हलता कामा नये ना?"

"सुमंतअण्णानं अर्धंच सांगितलं की तुम्हाला!" ते खाली बसले. "एकदा डोंगरावर इंजिन बंद पडलं. माल फेकला तरच वाचणार. सगळ्या गाठी सुटल्या, एक दुहेरी होती, ती सुटेना. अण्णानंच मारलेली. सुरीनं कापेपर्यंत डोंगर अंगावर आला होता. त्या दिवसापासून आमच्यात नियम झाला, गाठ एका ओढीत सुटली पाहिजे आणि टोक हाताशी पाहिजे."

हे ओरडायचे थांबले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी वर्षं मी यांचा इतिहास ऐकला, आणि यांची भीती मला ठाऊकच नव्हती. मला रडू आलं.

वेंकटेशनी पट्टा पुन्हा बांधला आणि टोक यांच्या डाव्या मुठीत दिलं.

"ओढलं तर?" मी विचारलं.

"ओढू दे की. मी आहे इथं. तुम्ही बाजारात जाऊन या, अक्का."

गेले. हातगाड्यांतून वाट काढत हिंडले. बेळगावला बहीण असते, रिक्षा दिसली तेव्हा तिची आठवण झाली. वाटलं, स्टँडवर जावं आणि बसमध्ये बसावं. शेवटी वांगी घेतली आणि घरी आले.

हे शांत बसले होते, टोक मुठीत. ओढलं नव्हतं. मला पाहून यांनी ते हळूच माझ्यापुढे धरलं.

मी यांची मूठ बंद केली. "असू द्या तुमच्याजवळच," म्हटलं. "उद्या परत बाजारात जायचंय मला."