खिडकीतल्या नळ्या

रोग्याची किळस बाळगू नये, हा वैद्यकाचा पहिला धर्म आहे. कारखान्याच्या दवाखान्यात हे वाक्य भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं. त्याच्याच खाली बसून रक्त काढणाऱ्या मावशी हातमोज्यांवर हातमोजे चढवत होत्या.

"अहो मावशी, सोरायसिस लागत नाही कुणाला," ड्रायव्हर म्हणाला. बारा वर्षं त्याच्या कोपरांवर आणि मानेवर चंदेरी खपल्या होत्या. तो कामगारांची बस चालवायचा. लोक दांड्याला लोंबकळत उभे राहायचे, पण त्याच्या मागच्या सीटवर टेकायचे नाहीत.

"पुस्तकात नसेल लागत. माझ्या घरी नातवंडं आहेत," म्हणत मावशींनी लांबूनच सुई खुपसली.

डॉक्टरसाहेबांनी अभ्यास काढला होता. सोरायसिसवाल्यांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढलेला असतो का, आणि असला तर हृदयाला धोका किती? दहा खपलीवाले, दहा गुळगुळीत. ज्याचा आकडा वाढेल त्याच्या हाती गाडी द्यायची नाही, ही साहेबांची स्वतःची भर. ड्रायव्हरला गाडीवाचून दुसरं काही येत नव्हतं.

निकाल आला. दहाच्या दहा खपलीवाले वर, दहाच्या दहा गुळगुळीत खाली.

"इतका स्वच्छ निकाल जन्मात पाहिला नव्हता!" साहेबांना खुर्ची पुरेना. "पंधराच्या आत हवा, तुझा एकोणीस. उद्यापासून गेटवर बसायचं."

बायको घरी कडाडली, "बारा वर्षं तुमच्या खपल्या झाडतेय मी. लोकांनी कातडीला नावं ठेवली, आता काळजालाही ठेवली होय?"

पंधरा दिवस गेट उघडून-लावून कंटाळल्यावर ड्रायव्हर साहेबांच्या हातापाया पडायला दवाखान्यात गेला. अभ्यासाच्या दुसऱ्या तुकडीचं रक्त काढणं नुकतंच संपलं होतं. खिडकीत, रणरणत्या उन्हात, रक्ताच्या पाच नळ्या उभ्या होत्या. एकीवर माशी बसली होती.

"ह्या कुणाच्या, मावशी?"

"तुमच्यातल्यांच्याच."

"आणि बाकीच्यांच्या?"

"फ्रिजात, बर्फावर. काढल्या काढल्या गार करायच्या नि तासाभरात यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायच्या, असं साहेबांनी बजावलंय."

"मग आमच्या?"

"तुमच्या संध्याकाळी, सगळ्यांत शेवटी. मग यंत्र धुऊन काढते. अन् फ्रिजात कशा ठेवू? तिथे माझा डबा असतो!"

ड्रायव्हर पाया पडायचं विसरला. साहेबांना हाताला धरून खिडकीशी घेऊन आला. खपलीवाल्याचा हात मनगटावर पडताच साहेबांच्या अंगावर काटा आला. नळ्या पाहिल्यावर दुसरा आला.

"रक्त उबेत पडलं की तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात," साहेब खचल्या आवाजात म्हणाले. "म्हणजे मी इतके दिवस ऊन मोजत होतो." मग मनगट कोटाला पुसत पुटपुटले, "बाहेर बोलू नकोस."

"नाही बोलत. माझी गाडी?"

लगेच पुन्हा रक्त काढलं. साहेबांनी नळी स्वतः बर्फावर ठेवून फ्रिजात सरकवली. मावशींनी नाकाला पदर लावला, आपला डबा बाहेर काढला आणि खिडकीत नेऊन ठेवला.

आकडा अकरा आला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर गाडीवर होता.

डबा मात्र त्याच दुपारी आंबला होता.