आठ अंशांवरची झोप

डिसेंबरातला तो दिवस उजाडला न उजाडला तोच मावळायला निघाला होता. वादळामुळे रात्रभर घाटमाथ्यावर अडकलेली टपालगाडी तेव्हा कुठे दूर उत्तरेकडच्या त्या शेतघरी पोचली. चालकाने एक थर्मास मेंढपाळ एय्विंदुरच्या हातात दिला आणि गाडी वळवली. आत कृत्रिम रेतनासाठी मागवलेलं एडक्याचं वीर्य होतं. कालच्या सकाळचं, बर्फगार.

तो गारवा एय्विंदुरच्या तळव्यांना सोसेना. मेंढरांकडून आलेलं जे जे गारठलेलं, त्याला ऊब द्यायची. जन्मभर त्याने हेच केलं होतं. अंगातला लोकरी स्वेटर काढून त्याने थर्मास त्यात गुरफटला, स्वयंपाकघरातल्या गरम पाण्याच्या पाइपावर हलकेच निजवला आणि तृप्त मनाने कॉफी ओतून घेतली.

थोडा वेळ गेल्यावर त्याची थोरली बहीण हाल्बेरा गोठ्यातून आली.

"आलं का रे?"

"आलं की. उबेत झोपवलंय."

तिने पाइपाकडे पाहिलं आणि थर्मासावर झडपच घातली. "अरे मूर्खा, कोकरू आहे का ते? उबेत ते शुक्राणू उगाच पोहत सुटतात आणि दमून मरतात. पाच अंशांवर ठेवलं तर निपचित पडून ताकद राखतात. किती वेळ झाला?"

"दोन कप."

"तुझे की माणसांचे?"

एय्विंदुरने कप खाली ठेवला. ग्रीमा आज माजावर होती. वादळ येण्याआधी कळपाला घराकडे वळवणाऱ्या वाणाची ती त्यांच्याकडची शेवटची मेंढी, बारा वर्षांची. पुढच्या हिवाळ्यात ती गाभण राहील याची आशा नव्हती. त्या वाणाची शेकडो वर्षांची वाट आपण दोन कप कॉफीत पुसून टाकली, असं त्याला वाटलं.

हाल्बेराने झाकण उघडून तापमान पाहिलं. "आठ."

"मेले?"

"तुझ्या स्वेटरने पाइपाची ऊब बाहेरच अडवलेली दिसते. बघू या."

शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त होताना मिळालेला सूक्ष्मदर्शक तिने खिडकीपाशी ओढला. काचेवर थेंब ठेवून डोळा लावला. भिंग खालीवर करत राहिली.

"सांग की, बाई!"

"तूच बघ."

त्याने पाहिलं. करड्या पाण्यात बारीक रेघा, आणि एकही हलत नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

"रडतोस काय? काच गार आहे. आता दे तुझी ती ऊब, आता तिची वेळ आहे."

तिने त्याचा कॉफीचा कप पुढे ओढला आणि काच त्याच्या कोमट कडेवर धरली. मनातल्या मनात आकडे मोजले. मग काच पुन्हा भिंगाखाली सरकवली.

आधी एक रेघ थरथरली, मग तिच्या शेजारची. आणि मग वाऱ्याखाली गवताचं कुरण लवावं तसा सगळा थेंब लाटालाटांनी वाहू लागला. मधूनमधून काही रेघा निश्चल होत्या, पण त्यांना वळसा घालून बाकीच्या पुढे धावत होत्या.

"हाल्बेरा! अगं, हे तर शरद ऋतूत डोंगरावरून उतरणारे कळपच!"

"शंभरातले साठ तरी पळताहेत. बास झाले." तिने रेतनाची नळी उचलली. "आता ऊठ. ग्रीमाला धर, आणि तुझ्या हातांना म्हणावं, आज गप्प राहा."

एय्विंदुर स्वेटर न घालताच गोठ्याकडे निघाला. बाहेर उणे नऊ होतं, आणि तो खदखदून हसत होता.

मे महिन्यात ग्रीमाला जुळं झालं, दोन्ही माद्या. त्या रात्री हाल्बेराने भावाला हाक मारली आणि दोन्ही ओली कोकरं त्याच्या मांडीवर ठेवली.

"घे. ह्यांना हवी तेवढी ऊब दे."