आडात आधी हाक मारा

मित्रांनो, मी एक जुना टँकर आहे. जावयाला सामोरं जात नसतील एवढ्या लगबगीने माणसं मला सामोरी येतात. ती माझ्यासाठी नव्हे, पोटातल्या पाण्यासाठी येतात, हे मी केव्हाच ओळखलं आहे.

माझी घडण दुधासाठी झाली. संगमनेरकडच्या एका डेअरीत मी गावोगावचं दूध वाहायचो. रोज मला गरम पाण्याने आतून धुवायचे, दसऱ्याला झेंडूची माळ घालायचे. पुढे नवे टँकर आले आणि मी भंगारात गेलो. तिथून एका ठेकेदाराने मला उचललं आणि पाथर्डीच्या कोरड्या भागात पाणी वाहायला लावलं. आता कसली आंघोळ! माझ्या अंगावरच्या धुळीसाठी इथे पाणी कोण घालवणार?

पण इथे मला माणसं कळली. बांधावरून बोलणं सोडलेले दोघे माझ्यामागे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. देवळात 'आधी तुम्ही' म्हणणारे काकासाहेब इथे कोपराने वाट काढतात. चालायचंच.

यंदा मे महिन्यात मला भरणाऱ्या पंपाला वीज नसल्यामुळे तिसगावच्या पलीकडच्या एका वस्तीवर मी बरेच दिवस गेलो नाही. तिथली रीत अशी, की टँकरचं पाणी आडात सोडायचं आणि सगळ्यांनी शेंदून घ्यायचं. टँकर नसला की अंगाने हलकी बाई दोराने आडात उतरते आणि तळाच्या झऱ्यातून तांब्या तांब्याने कळशी भरते. शेवटी मी पोहोचलो त्या दुपारी झुंबरबाई खाली होती. वर दोराशी तिची सून पंकजा आणि दोन शेजारणी होत्या.

माझा हॉर्न वाजला. तिघीही हंडे आणायला घराकडे पळाल्या. प्रत्येकीला वाटलं, दुसरी थांबली असेल.

माझ्या ड्रायव्हरने, भागवतने, मला मागे घेत आडाशी लावलं, मांडीएवढा जाड पाईप आत सोडला आणि व्हॉल्व्हला पाना लावला. खालून ओरडण्याचा आवाज आला, पण माझ्या इंजिनाच्या घरघरीत तो बुडाला. थरथरण्यापलीकडे मला काही करता येत नाही. पाणी सुटलं. आडाचे सैल दगड धडाधड खाली पडू लागले.

गर्दी जमली, पोहरे पुढे आले. तेवढ्यात पंकजा आली. तिची नजर खुंटाला बांधलेल्या दोरावर गेली आणि हातातला हंडा पडला. तिने पाईप कवटाळून बाहेर ओढला. पाणी भसाभसा मातीत चाललं.

"येडी झाली का गं? पानी सांडतंय!" देवळातले तेच काकासाहेब पाईप हिसकायला धावले.

"हात लावू नगा! आत्याबाई खाली हायत!"

भागवतने व्हॉल्व्हकडे झेप घेतली. तो फिरेना. आटे झिजलेत, हे त्याने ठेकेदाराला कितीदा सांगितलं होतं. "चालतंय तवर चालू दे," हे ठरलेलं उत्तर.

मी रिता होत होतो. एवढी तहानलेली वस्ती, पण कुणाचा हात हंड्याला गेला नाही. सगळे दोराला लागले होते, काकासाहेब सर्वांत पुढे.

झुंबरबाई वर आली. कपाळाला खोक पडली होती, लुगडं चिखलाने माखलेलं. तिने आधी भोवतीचा चिखल पाहिला.

"एवढं पानी कुनी सांडलं?"

"म्या," पंकजा रडत म्हणाली.

"अन् मला खाली टाकून पळाली, ती बी तूच?"

"व्हय, आत्याबाई."

"मग सांडायच्या आधी एक हंडा तरी लावायचा हुता की, भवाने!"

पंकजा तिच्या गळ्यात पडली. त्या दिवशी वस्ती तहानेली राहिली, पण कुणी तक्रार केली नाही.

मित्रांनो, माझा व्हॉल्व्ह अजून तसाच आहे. तो वेळीच दुरुस्त करून घ्या. आणि माझा हॉर्न ऐकलात की पळा खुशाल, पण दोराशी एकाला तरी थांबवा. पाईप सोडण्याआधी आडात वाकून हाक मारा. खाली कुणी नाही याची खात्री होईपर्यंत मला उभं करून ठेवा. मी थांबेन.