मशीन थांबवू नका हं

थोरलीच्या पोटात निखारा पडला तो साध्या काळ्या कागदाने.

दोघी जावा एकाच घरात. थोरली खाली, धाकटी वर. घर काटकोनात बांधलेलं, त्यामुळे वरच्या खोलीची खिडकी आणि खालच्या शिवणाच्या खोलीची खिडकी अंगणावरून एकमेकींकडे तिरक्या बघत. जावांसारख्याच. थोरली दिवसभर गिऱ्हाइकांचे कपडे शिवायची. तिची सहा वर्षांची लेक शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि थेट वर, काकूकडे. लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

आणि ही भिंगरी धाकटीसमोर मूर्तीसारखी बसायची!

धाकटीला पोरांची सावलीचित्रं काढायचा नाद लागला होता. अंधारून आलं की ती खिडकीपाशी स्टूल ठेवायची. पोराचं तोंड खिडकीकडे, एका कानाशी टेबलावरचा दिवा, दुसऱ्या बाजूला कपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद. कागदावर सावली पडली की तिच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची, मग ती रेघ काळ्या कागदावर उतरवून कापायची. तिच्या दोन्ही मुलांची झाली, शेजारच्यांची झाली. भिंगरीची तर चार झाली, आणि जिन्याच्या भिंतीवर मिरवायला लागली.

"नाकाचा शेंडा बघ गं कसा उतरलाय!" सासूबाई थोरलीला म्हणाल्या. "पोर काकूच्या लळ्याची आहे, म्हणून बसते. दुसऱ्या कुणाचं काम नव्हे."

"हो ना," म्हणत थोरलीने दाताने दोरा तोडला. जरा जास्तच जोरात.

दुसरी कुणी? ती, सख्खी आई, दुसरी कुणी? हिला फ्रॉक बेतायला उभं केलं तर पाऱ्यासारखी हातातून निसटायची. "हलू नको गं, टाचणी लागेल," म्हणेपर्यंत लागलेलीच असायची. आईच्या हातात पारा आणि काकूच्या हातात पाषाण, हा कुठला न्याय?

त्यात रोज वरून हाक यायची, "ताई, मशीन थांबवू नका हं! भिंगरी बसलीय."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हणजे, तुम्ही आपलं पायाने मशीन हाका, तुमची लेक मी सांभाळते, वर यायचं काम नाही. आणि तो 'हं' असा लाडिक, की जखमेवर बोटाने मीठ लावावं. ती मशीन अशी पळवायची की टाक्यांनी जीव मुठीत धरावा. ओठांवर मात्र सवयीची ओवी असायची, तिचीच जुळवलेली:

*सुई चाले पुढे पुढे, दोरा मागे मागे जाई*
*लेक माझी गं भिंगरी, मागे धावे तिची आई*

एका दुपारी धाकटी आपल्या दोन्ही मुलांना घेऊन बाजारात गेली. थोरलीने हातातलं झंपर बाजूला टाकलं, शिवणाच्या खोलीचे पडदे ओढले, दिवा लावला, कपाटावर कागद चिकटवला.

"ये गं. आज तुझं चित्र मी काढते."

भिंगरी उड्या मारत स्टुलावर चढली. समोर कोरी भिंत. आई पेन्सिल घेऊन बाजूला, कागदापाशी. कपाळाची रेघ झाली, नाकाशी आली, आणि सावलीतलं नाक गायब. पोरीने मान वळवली होती.

"समोर बघ."

"बघते." पेन्सिल ओठांशी आली, मान पुन्हा आईकडे. "आई, झालं?"

"तू बसशील तर होईल ना! काकूकडे कशी बसतेस गं?"

"तिथे बसवतं."

"आणि इथे?"

भिंगरीने विचार केला. खोटं बोलायला ती अजून शिकली नव्हती. "इथे नाही बसवत."

थोरलीच्या काळजात टाचणी गेली, पार डोक्यापर्यंत.

कशीबशी रेघ जुळवून तिने कात्री घेतली. कात्री म्हणजे तिचं सहावं बोटच. पण त्या बोटाला एकच विद्या ठाऊक, रेघेवर कापायचं नाही, शिलाईला जागा सोडून बाहेरून कापायचं. चित्र कापून झालं तेव्हा भिंगरीच्या नाजूक नाकाभोवती बोटभर जागा सुटली होती, हनुवटीभोवती तेवढीच.

"आई, हे पोलीसकाका कोण?" भिंगरी खिदळली.

थोरली हसली नाही. पोलीसकाका चुरगळून चिंध्यांच्या पिशवीत गेले, पडदे पुन्हा बाजूला झाले.

संध्याकाळी धाकटी परतली, भिंगरी वर पळाली, वरच्या खिडकीत उजेड झाला. "ताई, मशीन थांबवू नका हं!"

पुरे झालं. थोरलीने पाय काढला, चाक हाताने थांबवलं आणि जिना चढायला लागली. प्रत्येक पायरीवर एक वाक्य तयार होत होतं. उद्यापासून माझी लेक वर येणार नाही. तुला दोन आहेत ना, त्यांची नाकं काढत बस.

दारात पोचते तोच आतून धाकटीची हळहळ ऐकू आली, "गेली! गेली बाई रेघ!"

भिंगरी स्टुलावरून उतरून खिडकीच्या गजांना लोंबकळत होती. "काकू, आई तिथे नाहीये! आई कुठे गेली?"

थोरली दारातच थबकली.

"आलात? थांबवलंतच का मशीन?" धाकटीने पेन्सिल टेबलावर आपटली. "रोज घसा फोडून सांगते ना मी? तुम्ही शिवताना दिसलात की ही बघत बसते. मशीन थांबलं की मान फिरलीच. चार चित्रं काढली ताई, एकदाही माझ्याकडे बघितलं असेल तर शपथ!" तिचा आवाज शेवटी किंचित चिरला. लगेच सावरून म्हणाली, "आणि माझे दोघे! मला बघूनच स्टुलावरून पळतात."

थोरली स्टुलावर बसली, भिंगरीच्या उंचीला वाकली. अंगणापलीकडे, खाली, तिची खिडकी. पेटलेला दिवा, मशीनचं चाक, आणि रिकामी खुर्ची.

जिन्यावर शिवलेली सगळी वाक्यं एका दोऱ्याने उसवली.

"आई," भिंगरी तिला ढकलत म्हणाली, "खाली जा ना! माझं नाक राहिलंय."

थोरलीने पेन्सिलीकडे एकदा पाहिलं. मग खाली गेली. अर्धवट शिवण बाजूला सारून मशीनवर बसली आणि बिनकापडाचंच चालवायला लागली.

वर पाहिलं. धाकटीने भिंगरीची हनुवटी दोन बोटांनी जरा उचलली. ती दोन बोटं थोरलीला अजूनही टोचलीच, नाही कशाला म्हणा. पण कागदावर जाणार होती ती पोरीची एक कड. खिडकीत मात्र अख्खं तोंड होतं, अर्धं उजेडात, अर्धं काळोखात, आणि दोन्ही डोळे खाली, तिच्याकडे.

थोरलीने ते मनसोक्त पाहून घेतलं. मग खात्री करायला, फक्त एकदाच, पाय थांबवला.

वरची मान टुणकन हलली.

"ताई! मशीन!" धाकटी किंचाळली.

"अगं, दोरा तुटला!" थोरली गालात हसत ओरडली, आणि पाय पुन्हा चालू केला.